अकरा नंबरचे बारा थेंब

“ताई, या आठवड्यात माझं काय लिहिलंय?”

कोळेकरनं विचारलं, आणि नेहमीसारखा हात पुढं केला. शनिवारची दुपार होती. मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो. त्याच्या मांडीवर त्याची शंभर पानी वही, माझ्या मांडीवर माझी. त्याच्या वहीवर माझं नाव होतं, माझ्या वहीवर त्याचं.

“वाच की,” मी म्हटलं. “तुला वाचता येत नाही का?”

तो हसला. “मागच्या शनिवारी चहा फार पितो म्हणून लिहिलंत. त्याच्या आधी केस विंचरत नाही. आता बूट राहिलेत फक्त.”

मी हसले नाही.

या वह्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं. आमचे गुर्जर सर. त्या सरकारी कॉलेजात बालरोग विभागाचे ते प्रमुख होते आणि आम्ही एमडीला त्यांच्या हाताखाली. माणूस बुटका, आवाज मऊ, पण बोलायला लागला की समोरच्याला घाम फुटायचा. सरांचं म्हणणं असं, की शिफारसपत्र म्हणजे साक्ष. “मी ऐकीव साक्ष देत नाही. आणि वॉर्डात चोवीस तास उभा राहायला मी काही खांब नाही.” म्हणून त्यांनी रजिस्ट्रार लोकांच्या, म्हणजे आम्हा शिकाऊ डॉक्टरांच्या, जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याविषयी वही ठेवायची. दर शनिवारी एक नोंद. जे डोळ्यांनी पाहिलं किंवा कागदावर आहे तेवढंच लिहायचं. ज्याच्याविषयी लिहिलंय त्यानं ते वाचून खाली सही करायची, ‘वाचले, मान्य’. आणि सोमवारी सकाळी वह्या सरांच्या टेबलावर.

पहिल्या महिन्यात सगळ्यांनी एकमेकांची तोंडभरून स्तुती केली. सरांनी वह्या फेकून दिल्या. “हे काय वधूवर सूचक मंडळ आहे? सुस्वभावी, मनमिळाऊ! आठवड्याला एक दोष लिहायचा. नसला तर शोधायचा.”

मग काय, सगळ्या जोड्यांनी आपापसांत तह केले. मी आणि कोळेकरनंही केला. एकमेकांचे बिनविषारी दोष लिहायचे, शनिवारी पायऱ्यांवर बसून ते एकमेकांना सांगायचे, हसायचे आणि सह्या ठोकायच्या. बहुतेक वेळा मी त्याचं लिहिलेलं वाचतसुद्धा नव्हते. तो सांगेल त्यावर माझा विश्वास होता. खोटं कशाला सांगू, त्या दोन वर्षांत आख्ख्या कॉलेजात माझा विश्वास फक्त त्याच्यावरच होता.

यशवंत कोळेकर आटपाडीकडचा. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणायचा, सरांसमोर मात्र मॅडम. रडणाऱ्या पोराला तो नुसता खांद्यावर टाकायचा आणि पोर गप्प व्हायचं. मी चिटणिसांची मृणालिनी, कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेली. माझ्या खांद्यावर पोरं आणखी जोरात रडायची.

तो वही वाचत होता. मी समोरच्या नळाकडं बघत होते. आत काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं.

“दि. १३, गुरुवार. अकरा नंबर. साधा सेट लावलेला असताना मायक्रो सेटच्या हिशेबाने बारा थेंब लिहिले. तिप्पट सलाईन गेले. बाळ अत्यवस्थ झाले. चूक दीड तासाने लक्षात आली. ऑर्डरखाली सही : डॉ. कोळेकर.”

त्यानं एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

आता त्या गुरुवारी काय झालं ते ऐका. अकरा नंबरला ऊसतोड करणाऱ्या बाईचं चार महिन्यांचं बाळ होतं. न्यूमोनिया झालेलं, वजन जेमतेम साडेतीन किलो. अशा बाळाला सलाईन मोजून द्यावं लागतं, जास्त झालं की त्याचं एवढंसं काळीज थकतं. सलाईनच्या नळीचा मायक्रो सेट असला की थेंब बारीक पडतात, साध्या सेटमधून तिप्पट मोठे. मी बारा थेंबांची ऑर्डर लिहिली आणि सही न करताच उठले. मला घाई होती. दारात सिस्टर आवळे आडव्या आल्या.

“मॅडम, मायक्रो सेट संपलेत. साधा लावलाय. थेंब बदलून द्या.”

“हो, देते,” मी म्हटलं, आणि जिना उतरले.

जिन्याजवळ कोळेकर भेटला. अडीच वाजले होते. मला म्हणाला, “ताई, जेवलात का? तोंड किती उतरलंय. जा बघू मेसला, मी आहे इकडं.” मी म्हटलं, मेसलाच चाललेय. मी मेसला चालले नव्हते. मी चालले होते स्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याकडं, मद्रासच्या फेलोशिपचा अर्ज टाईप करून घ्यायला. लहान मुलांच्या हृदयविकाराची ती फेलोशिप. आमच्या विभागातून दरवर्षी एकच पत्र जायचं, सरांचं. कोळेकरनं अर्ज केलेला होता. त्याला मी महिनाभर सांगत होते, “तूच कर रे. माझं तर लग्न ठरतंय, मला कुठलं मद्रास!” लग्नबिग्न काही ठरत नव्हतं. त्यानं बेसावध राहावं एवढंच मला हवं होतं.

चार वाजता परत आले तर अकरा नंबरच्या खाटेला गर्दी. कोळेकर गुडघे टेकून बसलेला, सलाईन बंद, ऑक्सिजन चालू. लघवीचं इंजेक्शन त्यानं आधीच देऊन टाकलेलं. बाळाची आई त्याचा शर्ट मागून मुठीत धरून उभी होती. अर्ध्या तासानं बाळानं लघवी केली, श्वास सुधारला, आणि कोळेकर फरशीवरच पाय पसरून बसला. बाळ वाचलं. ते त्यानं वाचवलं.

पाचला सरांचा राऊंड होता. बिनसहीची ऑर्डर दिसली की सर सगळं खणून काढत. त्यांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं, सलाईनची पुढची चूक ज्याची, त्याची शिकण्याची टर्म सहा महिने वाढणार.

“ताई, इकडं आणा तो केसपेपर,” कोळेकर म्हणाला. माझ्या अक्षरातल्या बारा थेंबांखाली त्यानं स्वतःची सही केली, वेळ टाकली अडीच. त्याखाली नवी ऑर्डर, चार थेंब, पुन्हा सही.

“अरे, हे काय करतोस?” मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं, हात धरला नाही.

“तुमचं लग्न ठरतंय, टर्म वाढली तर ती माणसं थांबतील का? मला काय, मी सहा महिने जास्त राहीन. मेसचं जेवण मला आवडतं.” आणि हसला. “तसं काही होत नाही ओ. बाळ बरं आहे, सही आहे. सर पुढं जातील.”

सर पुढं गेले. केसपेपर बघितला, बाळ बघितलं, चकार शब्द काढला नाही. तो विषय तिथंच संपला असता.

पण शुक्रवारी सरांनी मला खोलीत बोलावलं. माझा अर्ज त्यांच्यापुढं होता. “अर्ज चांगला आहे,” ते म्हणाले, “पण या वर्षी माझ्या मनात कोळेकर आहे. तुमच्या दोघांच्या वह्यांत नुसते चहा आणि केस आहेत, त्यावरून काही ठरवता येत नाही. सोमवारपर्यंत वेगळं काही दिसलं तर बघू.”

त्या रात्री मला छान झोप लागली. शनिवारी सकाळी उठले आणि ती नोंद लिहून काढली. एकही शब्द खोडावा लागला नाही.

“ताई, हे तुम्ही लिहिलंय?” कोळेकरनं वहीवरून मान न उचलता विचारलं.

“कागदावर जे आहे तेच लिहिलंय.”

“पण तुम्हाला तर...”

“मग करू नकोस सही. जा सरांकडं आणि सांग, दुसऱ्याच्या ऑर्डरखाली मी खोटी सही ठोकली. केसपेपरवर खोटी सही केली तर काय होतं, माहीत आहे ना?”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग खिशातून पेन काढलं आणि लिहिलं, ‘वाचले, मान्य’. स्वतःची वही माझ्यापुढं धरली. मी नेहमीसारखी न वाचता सही केली. त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळायची मला घाई झाली होती, एवढंच.

रविवारभर एकच धास्ती होती. त्या वहीत त्यानं खरं लिहिलं असेल तर? मीच वाचून बघायला हवं होतं. स्वतःला शिव्या घातल्या. त्याच्याबद्दल वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण सोमवारी माझं काय होईल, हीच काळजी जास्त होती.

सोमवारी सकाळी सरांनी दोघांना एकदमच बोलावलं. टेबलावर दोन्ही वह्या आणि अकरा नंबरचा केसपेपर. आम्हाला बसा म्हणाले नाहीत.

“कोळेकर, ही सही तुमची?”

“हो सर.”

“ऑर्डर तुमची?”

“सही माझी आहे सर.”

सर माझ्याकडं वळले. “अक्षर मात्र तुमचं आहे.”

हा प्रश्न येणार याचा विचार मी केला नव्हता. पण तोंडातून उत्तर असं सरळ बाहेर पडलं, जणू पाठ करून आले होते. “हो सर. कोळेकर बाळाची शीर शोधत होते, त्यांचे हात गुंतले होते. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं.”

“किती वाजता?”

“अडीच वाजता सर. वेळ घातलीय तिथं.”

“तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या होता?”

“हो सर.”

कोळेकर खिडकीबाहेर बघत होता. सरांनी त्याची वही उचलली, पान उघडलं आणि माझ्या हातात दिली. “वाचा. मोठ्यानं.”

माझी सही खाली होतीच. मी वाचायला लागले. “डॉ. चिटणीस. दोष : जेवणाची फार हेळसांड करतात. गुरुवारी अडीच वाजून गेले तरी उपाशी होत्या. मी जिन्यावरून ढकलून मेसला पाठवले तेव्हा गेल्या. असेच चालू राहिले तर आजारी...” पुढं मला वाचता येईना. आवाजच फुटेना.

खोलीत पंखा फिरत होता. मी वही धरून उभी. संपले आपण, एवढंच डोक्यात होतं. त्या बाळाची आई, ते बाळ, कोळेकर, कुणीसुद्धा नव्हतं डोक्यात.

“कोळेकर,” सर मऊ आवाजात म्हणाले, “गुरुवारी अडीच वाजता या तुमच्या शेजारी ऑर्डर लिहीत होत्या, की जिन्यावरून मेसला जात होत्या? एकाच वेळी दोन्हीकडं असायला या काही देव नाहीत. नीट आठवून सांगा. सही कुणी का केली, ते मी माफ करीन. खरं सांगा.”

दार सताड उघडं करून दिलं होतं सरांनी. त्यानं फक्त बाहेर पाऊल टाकायचं होतं.

“वार चुकला सर,” कोळेकर म्हणाला. “ते जेवणाचं बुधवारचं होतं. लिहिताना गुरुवार पडलं.”

“नक्की?”

“हो सर.”

“मॅडम, बुधवार होता का?”

अजूनही मला बोलता आलं असतं. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. मी म्हटलं, “बुधवारच होता सर.”

सरांनी वह्या मिटल्या. “कोळेकर, तुमचे थेंब चुकतात, वार चुकतात. टर्म सहा महिने वाढवतो. पत्राचं विसरा. मॅडम, उद्या सकाळी लिफाफा घेऊन जा.”

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. “का रे? का नाही सांगितलंस?”

“तुमचा आवाज गेला होता वाचताना,” तो म्हणाला. “मला वाटलं, आता चक्कर येऊन पडताय. तोंडातून निघून गेलं.” मग त्यानं विचारलं, “अर्ज कधी केलात ताई?”

“गुरुवारी. टायपिंगवाल्याकडं गेले होते.”

मला वाटलं, आता तो शिवी देईल. ती ऐकायची माझी तयारी होती.

“म्हणजे गुरुवारी जेवलाच नाहीत तुम्ही,” तो म्हणाला, आणि वॉर्डात गेला.

त्यानंतर तो मला मॅडमच म्हणायला लागला, सर नसतानाही.

मंगळवारी लिफाफा आणायला निघाले तर वॉर्डाच्या दारात सिस्टर आवळे उभ्या होत्या, गुरुवारी उभ्या होत्या तिथंच. “मिळालं पत्र?” त्यांनी विचारलं.

“घ्यायलाच चाललेय.”

“घ्या घ्या. सरांना मी गुरुवारीच सगळं सांगितलं होतं. सेट संपल्याचं कुणाला सांगितलं, कोण ‘हो देते’ म्हणून खाली उतरलं, सही कुणी केली. सगळं.”

सरांच्या खोलीत शिरताना मला वाटलं, ते लिफाफा तोंडावर फेकतील. त्यांनी तो पाण्यानं चिकटवला, जोडावर आडवी सही केली आणि शांतपणे पुढं केला. मी हात लावला नाही.

“सर, तुम्हाला माहीत होतं?”

“घ्या तो.”

“मग मला का?”

“कारण मला तुमच्यासारखा माणूस चालतो,” सर म्हणाले. “खोटं बोलणारा आज ना उद्या पकडता येतो, त्याच्यावर नजर ठेवता येते. सांभाळून घेणारा मला नको. तो दुसऱ्याची चूक पोटात घालतो, आणि मग वॉर्डात पोरं मरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी त्याला दोनदा संधी दिली. दोनदा त्यानं तुम्हाला सांभाळलं.” मग मान खाली घालून ते दुसऱ्या कागदाला लागले. “आणि तुमच्या नोंदी उत्तम आहेत. नेमक्या. मद्रासला तसंच लिहिलंय.”

मी लिफाफा घेतला. आभारसुद्धा मानले.

मद्रास झालं, परत आले, पुढं दुसऱ्या एका कॉलेजात मी विभागप्रमुख झाले. तिथं मी वह्या सुरू केल्या. जोड्या लावल्या, आठवड्याला एक दोष, ‘वाचले, मान्य’. माझ्या नोंदी नेमक्या म्हणून नावाजल्या गेल्या. माझ्या पत्राला वजन आहे असं लोक म्हणत.

कोळेकरनं सहा महिने जास्त काढले. त्या वर्षीची फेलोशिप गेली ती गेलीच, पुढच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. तो गावाकडं एका सरकारी दवाखान्यात लागला असं कानावर आलं. मी पत्र टाकलं नाही, त्यानंही नाही.

एकोणीस वर्षांनी, एका दुपारी, माझ्या टेबलावर टपाल आलं. सीमेकडच्या एका धर्मादाय ट्रस्टनं मुलांचं मोठं इस्पितळ काढलं होतं. त्यांना प्रमुख डॉक्टर हवा होता. सोबत उमेदवाराच्या अर्जाची नक्कल आणि माझ्यासाठी कोरा फॉर्म : उमेदवाराच्या कामाविषयी आपला अभिप्राय. अर्जावर फोटो होता. केस पिकले होते, अजूनही विंचरलेले नव्हते.

गुर्जर सर जाऊन चार वर्षं झाली होती. आवळे सिस्टर निवृत्त होऊन मुलाकडं गेल्या होत्या. तो केसपेपर तर केव्हाच रद्दीत गेला असेल. मला कुणाचीही भीती नव्हती, कुठलं पत्र हवं नव्हतं. चार ओळी खऱ्या लिहिल्या असत्या तर माझं काहीसुद्धा जाणार नव्हतं. पण तो कसा होता हे लिहायचं, तर मी कशी होते तेही लिहावं लागलं असतं.

मी पेन उघडलं आणि लिहिलं : “कष्टाळू. मुलांशी वागणे प्रेमळ. सलाईनच्या थेंबांची गंभीर चूक, स्वतः मान्य केलेली. त्यामुळे प्रशिक्षणाची मुदत वाढवावी लागली. स्वतंत्र जबाबदारी देताना विचार करावा.”

सही केली, शिक्का मारला आणि शिपायाकडं दिलं.

मग नक्कल फाईलला लावताना तिचं मागचं पान दिसलं. तिथं छापलेलं होतं : आपल्या कामाची खात्री देऊ शकतील अशा दोन व्यक्तींची नावे. पहिल्या रेघेवर त्याच्या त्या बारीक अक्षरात माझं नाव, माझा पत्ता, आणि कंसात, ‘या मला जवळून ओळखतात’.

दुसरी रेघ त्यानं कोरीच सोडली होती.